वीस टक्क्यांचं कार्ड, नऊ टक्क्यांची सवलत

कार्डावर छापलेलं असतं, 'दंतोपचारांवर २० टक्के सवलत'. उपचार संपल्यावर बिल घेऊन बसलं की सवलत भरते जेमतेम नऊ टक्के. त्यातून कार्डाची वर्षाची फी वजा केली तर शंभरेक रुपये उलट आपल्याच खिशातून गेलेले. यात कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही. वीस टक्के खरोखर दिलेले असतात, फक्त ते बिलातल्या एकाच ओळीवर दिलेले असतात. ती ओळ कुठली हे आधी कळलं, तर कार्ड घ्यायचं की नाही याचा निर्णय पाच मिनिटांत होतो.

अशी कार्डं आता सगळीकडून येतात. बँकेच्या ॲपवर, कंपनीच्या एचआरकडून, गावातल्या मोफत दंत तपासणी शिबिरात, नाहीतर दवाखान्याच्या काउंटरवरच. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गावच्या आईवडिलांसाठी ऑनलाइन घेऊन टाकतो आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवतो. पुढे ते कार्ड कुठे चालतं याचा शोध दाढ सुजल्यावर सुरू होतो.

हा विमा नव्हे

विम्यात आपण हप्ता भरतो आणि खर्च आला की विमा कंपनी त्यातला भाग उचलते. सवलत कार्डात कुणीच काही उचलत नाही. आपण वर्षाची फी भरतो, त्या बदल्यात कार्डाच्या यादीतले डॉक्टर आपल्याला कमी दर लावतात, आणि सवलत जाऊन उरलेली रक्कम पूर्णपणे आपणच, तिथल्या तिथे भरतो. क्लेम नाही, फॉर्म नाही, पैसे परत येणं नाही. कार्ड विकणारी कंपनी फीवर चालते. डॉक्टर सवलत देतात ती नवे पेशंट मिळावेत म्हणून.

याचे फायदे आहेत. प्रतीक्षाकाळ नसतो, आधीपासून किडलेला दात चालतो, वयाची अट सहसा नसते, वर्षाला अमुकच रकमेपर्यंत अशी मर्यादा बहुधा नसते. तोटा एकच पण मोठा: मोठा खर्च आला तर तो मोठाच राहतो. दीड लाखाच्या कामावर वीस टक्के सुटले तरी एक लाख वीस हजार आपल्यालाच उभे करायचे असतात.

'आमचा मेडिक्लेम आहे की' असं म्हणणाऱ्यांनी पॉलिसीचं दंतोपचाराचं कलम उघडून वाचावं. बहुतेक मेडिक्लेममध्ये दातांचा खर्च मिळतो तो अपघातात जबड्याला मार लागून रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर. खुर्चीत बसून केलेलं रूट कॅनल, कॅप, कवळी, दात भरणं त्यात येत नाही. ओपीडीची वेगळी जोड घेतलेली असेल तर गोष्ट निराळी. विमा विकणाऱ्या कंपनीला विमा नियामक प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक असतो. सवलत कार्ड विकणारा 'हा दातांचा विमाच आहे' असं म्हणाला, तर तो क्रमांक मागावा. बोलणं तिथेच संपतं.

कार्डांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, देशभर नेटवर्क असलेल्या कंपनीचं कार्ड. दुसरा, दंत दवाखान्यांच्या साखळीचं स्वतःचं, जे फक्त त्यांच्याच शाखांत चालतं. तिसरा, आपल्या गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांनी स्वतःच्या पेशंटसाठी काढलेली वार्षिक योजना, बऱ्याचदा साध्या छापील कार्डावर, कधी नुसतं वहीत नाव लिहून. कोकणात राहणाऱ्या माणसासाठी हा तिसरा प्रकार बहुतेक वेळा सरस ठरतो. दिसायला तो सगळ्यात साधा असतो, पण अंतराचा हिशेब त्याच्या बाजूने असतो. त्याकडे पुढे येऊच.

बिलाच्या ओळी

एक बिल समोर ठेवू. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक गावात आणि प्रत्येक दवाखान्यात दर वेगळे. खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनल आणि वर कॅप:

दोन एक्स-रे, प्रत्येकी १५० रुपये: ३००
रूट कॅनल: ४,५००
कॅप: ५,०००
औषधं: ४००
एकूण: १०,२००

कार्डाची फी ९९९ रुपये, सवलत २० टक्के. कार्डाच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की सवलत डॉक्टरांच्या कामाच्या फीवर आहे. लॅबचा खर्च, एक्स-रे, औषधं आणि बाहेरून येणाऱ्या स्पेशालिस्टची फी धरलेली नाही. मग वीस टक्के लागतात फक्त ४,५०० वर. वाचले ९०० रुपये, म्हणजे पूर्ण बिलाचे ८.८ टक्के. फी वजा केली तर ९९ रुपयांचा तोटा.

आता हीच अट थोडी वेगळी असती, कॅपवरही सवलत असती, तर ९,५०० वर वीस टक्के म्हणजे १,९०० वाचले असते आणि फी जाऊन ९०१ रुपये हातात राहिले असते. तीच फी, तेच टक्के, तीच दाढ. फरक एका ओळीचा.

कॅपची ओळच नेमकी का गळते? कारण कॅप डॉक्टर स्वतः बनवत नाहीत. दात घासून माप घेतात आणि ते लॅबला पाठवतात. कॅपच्या पैशांतला चांगला मोठा भाग लॅबला जातो. डॉक्टर आपल्या कष्टावर सवलत देऊ शकतात, लॅबच्या बिलावर देणं त्यांना परवडत नाही. कवळी, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर घातलेला दात), दात सरळ करायच्या पारदर्शक ट्रे, या सगळ्यांचं तसंच. ज्या कामात बाहेरून आणलेल्या वस्तूचा वाटा मोठा, त्या कामात कार्डाची सवलत आक्रसते. उलट तपासणी, स्केलिंग (दातांवरचं किटण काढणं), दात भरणं, साधा दात काढणं यांत डॉक्टरांचा वेळच जास्त असतो, म्हणून तिथे सवलत मोकळेपणाने मिळते. अडचण एवढीच की घरातलं बजेट कोसळवणारी कामं ही पहिल्या गटातली असतात.

बाहेरून येणाऱ्या स्पेशालिस्टची ओळ तालुक्याच्या ठिकाणी विशेष महत्त्वाची. लहान गावातल्या दवाखान्यात अवघड रूट कॅनल किंवा आडवी अक्कलदाढ काढायला ठरलेल्या वारी कोल्हापूर, रत्नागिरी किंवा मुंबईहून एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले, दंतडॉक्टर येतात. कार्डाचा करार दवाखान्याच्या मालक डॉक्टरांशी असतो, या पाहुण्या डॉक्टरांशी नसतो. त्यांच्या फीवर कार्ड चालत नाही आणि हे बहुधा बिलाच्या वेळीच कळतं. म्हणून आधी विचारायचं ते 'रूट कॅनलवर सवलत आहे का?' एवढंच नव्हे. 'माझ्या या दाढेचं रूट कॅनल कोण करणार, आणि त्यांच्या फीवर कार्ड चालेल का?' असं विचारायचं.

आणखी एक ओळ बिलात दिसतच नाही: मूळ दर. वीस टक्के कशातून वजा होतात? यादीतल्या दवाखान्याचा रूट कॅनलचा दर ५,५०० असेल तर कार्डावर तो ४,४०० होतो. कार्ड न घेता शेजारच्या गावात तेच काम ४,५०० ला होत असेल, तर ९९९ रुपये भरून आपण शंभर रुपये वाचवले. यावर उपाय साधा आहे. फोन करताना कार्डाचं नाव आधी काढू नये. आधी साधा दर विचारावा, लिहून घ्यावा, मगच कार्डाचा दर विचारावा. टक्क्यांऐवजी ठरीव दरपत्रक देणारं कार्ड म्हणूनच जास्त भरवशाचं, कारण त्यात रुपये छापलेले असतात.

फी किती कामावर वसूल होते, हे तोंडी काढता येतं. वीस टक्के सवलत असेल तर फीच्या पाचपट काम व्हायला हवं, दहा टक्के असेल तर दहापट. ९९९ रुपयांच्या कार्डाला वीस टक्क्यांनी साधारण पाच हजारांचं काम लागतं, पण सवलत लागू असलेलं काम. एकूण बिल नव्हे.

यादीतलं गाव आणि खरं गाव

नेटवर्क कार्डाच्या वेबसाइटवर 'कोकण' किंवा 'रायगड जिल्हा' निवडला की दवाखान्यांची लांब यादी येऊ शकते. मात्र पनवेल आणि खारघर हे दोन्ही रायगड जिल्ह्यातच आहेत. श्रीवर्धन किंवा म्हसळ्याच्या माणसाला त्या यादीचा काय उपयोग? यादी जिल्ह्याने न पाहता पिनकोडने पाहावी, आणि जो दवाखाना सापडेल त्याला स्वतः फोन करून विचारावं, 'हे कार्ड आज तुमच्याकडे चालतं का?' वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते. करार संपलेला असतो, नाव तसंच राहतं.

आता मघाचाच हिशेब पुढे नेऊ. कार्ड चालणारा दवाखाना चिपळूणला, घर गुहागरजवळ, म्हणजे एका बाजूला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रूट कॅनलच्या दोन बैठका, कॅपचं माप द्यायला एक फेरी, कॅप बसवायला एक: चार फेऱ्या. पेशंट आणि सोबतीचा माणूस मिळून येण्याजाण्याचं भाडं फेरीला ३०० रुपये धरलं तर १,२०० झाले. कॅपवरही सवलत देणाऱ्या चांगल्या कार्डावर ९०१ रुपये वाचले होते ना? ते गेले, वर २९९ आणखी गेले. बुडालेली रोजंदारी यात धरलेलीच नाही. गुहागरातच कार्डाशिवाय काम करणारा डॉक्टर इथे स्वस्त पडला.

एसटीच्या सवलतींनी हा आकडा बदलतो, तो आपापल्या घराप्रमाणे मांडावा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. आजोबांचं तिकीट लागणार नाही, पण सोबत जाणाऱ्या नातवाचं पूर्ण लागेल.

म्हणूनच जवळच्या डॉक्टरांची स्वतःची वार्षिक योजना सरस. सवलत दहाच टक्के असली तरी फेऱ्यांचा खर्च नाही, कॅप निघाली किंवा भरलेलं सिमेंट पडलं तर दुसऱ्या दिवशी जाऊन दाखवता येतं. दातांच्या कामात दुरुस्तीच्या फेऱ्या लागतातच. नवीन कवळी टोचते, ती दोनतीनदा घासून बसवावी लागते. हे सवलतीच्या जाहिरातीत कधी नसतं.

कुणाला कार्ड परवडतं

घरातल्या चौघांसाठी १,२०० रुपयांची योजना, प्रत्येकाला वर्षातून एक तपासणी आणि एक स्केलिंग मोफत. स्केलिंगचा दर ८०० असेल तर जाहिरातीत लिहिलेलं असतं, '३,२०० रुपयांचं स्केलिंग १,२०० त!' पण आठ-दहा वर्षांच्या मुलांना मोठ्यांसारखं स्केलिंग सहसा लागत नाही. खरा लाभ दोन मोठ्या माणसांचा: १,६०० वजा १,२००, म्हणजे ४०० रुपये. वाईट नाही, पण दोन हजारही नाहीत.

मुलांसाठी बघायचं ते वेगळंच. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. दात न पडता ती येते, म्हणून बऱ्याच आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी 'पडून नवीन येईल' म्हणून सोडून दिली जाते. ती पडून नवीन येत नाही. या दाढेच्या खोल खाचा सीलंटने बुजवल्या की कीड लागण्याचा धोका बराच कमी होतो. बारा-तेराव्या वर्षी येणाऱ्या दुसऱ्या दाढेचंही तेच. योजनेत सीलंट आणि फ्लोराइड वार्निश (कीड रोखण्यासाठी दातांवर लावायचा लेप) असेल आणि घरात त्या वयाची मुलं असतील, तर फी देऊन कार्ड घेण्यासारखं आहे.

मिश्री लावणारे, तंबाखू-पान खाणारे यांच्या दातांवर डाग आणि किटण लवकर चढतं, त्यांना वर्षाला दोन स्केलिंग देणारी योजना उपयोगी. 'स्केलिंगने दात हलायला लागतात' ही समजूत इथे पैसे बुडवते. दात आधीच सैल झालेला असतो, किटणाच्या थराने तो धरून ठेवलेला असतो. थर निघाला की सैलपणा जाणवतो. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर मात्र कार्ड-बिर्ड बाजूला ठेवून लगेच दाखवावं.

ज्यांचे दात ठीक आहेत, वर्षातून एक तपासणी पुरते, त्यांनी कार्डाची फी वाचवावी.

टक्क्यांपेक्षा मोठी बचत

कॅपचे प्रकार बघा. निव्वळ धातूची, धातूवर सिरॅमिकचा थर असलेली, आणि झिरकोनियाची, अशी किमतीची साधारण चढती भाजणी. समजा झिरकोनिया ९,००० ला आहे. वीस टक्के सुटून ७,२०० ला पडली आणि १,८०० 'वाचले'. पण मागच्या दाढेला, जी हसताना दिसतही नाही, तिथे धातू-सिरॅमिकची ४,५०० ची कॅप बिनकार्डाची चालली असती. झिरकोनिया वाईट नाही, काही दातांना तीच योग्य असते. पण 'या दातासाठी हीच का?' हा एक प्रश्न कुठल्याही कार्डापेक्षा जास्त पैसे वाचवू शकतो. झिरकोनिया घेतलीच तर लॅबचं वॉरंटी कार्ड मागून घ्यावं, त्यावर किती वर्षांची वॉरंटी ते लिहिलेलं असतं.

दुसरी मोठी बचत म्हणजे वेळेवर जाणं. लहान किडीला भरण पुरतं. कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोहोचली की रूट कॅनल आणि कॅप. रूट कॅनल झालं की दुखायचं थांबतं, आणि इथेच पुष्कळ लोक थांबतात. 'कॅप शिमग्याला घालू.' बरीच झीज झालेली ती दाढ आता चावण्याचा दाब सहन करण्याइतकी भक्कम नसते. एखाद्या दिवशी चणे-फुटाणे खाताना ती उभी फुटते, रूट कॅनलचे पैसे गेले, दात काढायचा, आणि मग प्रश्न ब्रिजचा किंवा इम्प्लांटचा. पैसे कमी असतील तर डॉक्टरांना तसं सांगून स्वस्त कॅप घालावी, पण मागच्या दाढेची कॅप टाळू नये.

दाताचा नंबर वाचता आला पाहिजे

खर्चाचा अंदाज लेखी मागावा, आणि तो दाताच्या नंबरासकट. डॉक्टर दोन आकडी नंबर लिहितात. पहिला आकडा तोंडाचा भाग: १ म्हणजे आपली वरची उजवी बाजू, २ वरची डावी, ३ खालची डावी, ४ खालची उजवी. दुसरा आकडा पुढच्या मधल्या दातापासून मोजत मागे. म्हणजे ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूचा मधून सहावा दात, मघाची आपली दाढ. ४८ म्हणजे खालची उजवी अक्कलदाढ. मुलांच्या दुधाच्या दातांना पहिला आकडा ५ ते ८ असतो.

हे कळलं की कागद बोलायला लागतो. मोफत तपासणीनंतर हातात आलेल्या यादीत सात नंबर आणि सात कामं असतील, तर आरशासमोर उभं राहून एकेक दात शोधता येतो. कुठलं काम आत्ता हवं, कुठलं सहा महिने थांबू शकतं, हे विचारता येतं. एक्स-रेची प्रत घ्यावी, मोबाइलवर फोटो असला तरी चालेल. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर तोच एक्स-रे दाखवता येतो, पुन्हा पैसे पडत नाहीत. मोफत तपासणीचं कार्ड हे दवाखान्याच्या दृष्टीने पेशंट आत आणण्याचं साधन आहे, हे मनात ठेवून यादी वाचावी. दुखणं आणि सूज आधी, खोल कीड मग, दिसण्यासाठीची कामं शेवटी, हा क्रम बहुतेक प्रामाणिक डॉक्टर स्वतःच सांगतात.

डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, हेही पाहावं. पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. बाजाराच्या दिवशी टेबल मांडून दात बसवणाऱ्याचा दर सगळ्यात कमी असतो खरा. तो चिकटवलेला दात शेजारचे दोन चांगले दात घेऊन बाहेर पडतो.

जिथे गोष्टी बिघडतात

कार्ड उपचार सुरू होण्याआधी दाखवावं लागतं. बिल झाल्यावर खिशातून काढलेलं कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. काही योजना पैसे भरल्यावर लगेच सुरू होतात, काही दोनचार दिवसांनी.

उपचार मध्येच असताना कार्डाची मुदत संपणं ही दुसरी गोची. रूट कॅनल मार्चमध्ये, कॅप एप्रिलमध्ये, कार्ड ३१ मार्चला संपलं, तर कॅपला पूर्ण दर. दात सरळ करायच्या तारांचं काम साधारण दीड-दोन वर्षं चालतं; वर्षाचं कार्ड घेऊन ते सुरू करायचं असेल तर पूर्ण उपचाराची एकच रक्कम लेखी ठरवून घ्यावी आणि ती टप्प्याटप्प्याने द्यावी. पूर्ण रक्कम आगाऊ भरून मोठी सवलत घेण्याचा मोह होतो. दवाखाना बंद झाला, डॉक्टर बदलून गेले, तर ती रक्कम सोडवून आणणं फार कटकटीचं.

ऑनलाइन घेतलेल्या कार्डाचं आपोआप नूतनीकरण होऊ शकतं. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बंधनकारक आहे, पण तो मेसेज इतर पन्नास मेसेजांत हरवतो. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथून ते कार्ड घेतल्या दिवशीच बंद करता येतं. हवं असेल तेव्हा पुन्हा भरू.

कबूल केलेली सवलत नाकारली तर आधी कार्ड कंपनीला लेखी कळवावं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. अटींचं पान, पैसे भरल्याचा पुरावा आणि स्वतःच्या नावाचं बिल, ही तीन कागदं जपून ठेवलेली असावीत.

एक अपवाद. गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय, अशा वेळी कार्ड कुठे चालतं ते शोधत बसू नये. जवळचं रुग्णालय गाठावं. दाढेचा संसर्ग मानेत उतरला तर जिवावर बेततं.

कार्ड न घेता

खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. दापोली, मंडणगड, चिपळूणकडच्या लोकांना ते जवळ पडतं. दंत महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, दर खाजगीपेक्षा बरेच कमी असतात. मोबदल्यात वेळ जातो: प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासतात, त्यामुळे फेऱ्या वाढतात. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गच्या माणसाला बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ, पण गोव्याबाहेरच्या पेशंटला काय दर लागेल ते आधी विचारून निघावं. मुंबईत राहायची सोय असलेल्यांना सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहेच.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांचे नियम वेगळे, म्हणून केस पेपर काढतानाच विचारावं. अनेक उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक असतात. दात काढणं, भरणं, स्केलिंग यासाठी तिथे जायला काहीच हरकत नाही. कॅप आणि कवळीची सोय असेलच असं मात्र नाही. माजी सैनिकांच्या कुटुंबांनी ईसीएचएस (माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक विसरू नये, महाडपासून सावंतवाडीपर्यंत अशी घरं भरपूर आहेत आणि तरी खाजगी कार्ड विकत घेतलेलं दिसतं.

कराचंही एक आहे. सवलत कार्डाची फी हा विम्याचा हप्ता नव्हे, तेव्हा आरोग्य विम्याच्या वजावटीत ती धरता येत नाही. जुन्या करपद्धतीत मात्र साठीच्या पुढच्या आणि आरोग्य विमा नसलेल्या आईवडिलांच्या औषधोपचाराचा खर्च ५० हजारांपर्यंत वजावटीला धरता येतो, रोख न देता भरला असेल तर. कवळीचं बिल यूपीआयने भरून पावती करसल्लागाराला दाखवून ठेवावी.

चाकरमान्यांसाठी

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी आल्यावर आईची कॅप करून जाऊ, असा बेत असेल तर दिवस मोजावेत. रूट कॅनलच्या दोनतीन बैठकांत काही दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. कॅपचं माप गावातून बाहेरगावच्या लॅबला जातं आणि परत यायला चारपाच दिवस ते आठवडा लागतो. गणपतीत लॅबही बहुधा बंद आणि कुरिअरही. पाच दिवसांच्या रजेत हे बसत नाही. त्यापेक्षा रूट कॅनल गावच्या डॉक्टरांकडे आधी करून घ्यायला सांगावं, पैसे यूपीआयने थेट दवाखान्यात भरावेत आणि माप गौरी-गणपतीच्या किमान दोन आठवडे आधी लॅबला जाईल असं ठरवावं. आपण पोहोचल्यावर फक्त कॅप चिकटवायला घेऊन जायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. भूल दिली असेल तर ती उतरेपर्यंत मोदक मात्र थांबवायचे. लागते का भूल? रूट कॅनल झालेल्या दाढेला कॅप चिकटवताना सहसा नाही.